ताडोबाच्या मोहर्ली गेटजवळ रिसॉर्टवर पहिल्यांदा राहायला जाताय ना?

वाघ दिसणं नशिबावर आहे भाऊ, पण शेजारच्या खोलीतले गोंगाटी पाहुणे हमखास भेटतात. रूम घेताना जेवणाच्या हॉलपासून, स्विमिंग पूलपासून दूरची मागा. एसी-टीव्ही नंतर विचारा.

आणि सोमवारची रात्र टाळा. मंगळवारी ताडोबाच्या गाभ्यातली (कोअर) सफारी बंद असते. पहाटे उठायचं नसलं की मंडळी रात्रभर अंगणात बसतात, स्पीकर लावून. एकदा मी रात्री दीड वाजता बनियनवरच बाहेर जाऊन भांडलो. उपयोग शून्य, उलट मलाच म्हणाले, "काका, या ना, बसा!" तेव्हापासून स्वतः जात नाही, मॅनेजरला उठवतो. रात्री 10 ते सकाळी 6 लाउडस्पीकरला बंदी आहे, 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत तसं स्पष्ट आहे. हे शांतपणे सांगायचं, आवाज चढवायचा नाही. मॅनेजर स्थानिक पोरगा असतो, त्यालाही पाहुण्यांची भीती वाटते बिचाऱ्याला.

नाश्त्याला लवकर जा, नाहीतर पोह्यांवरची तर्री संपते. ताटभर वाढून अर्धं टाकणारे असतातच, त्यांच्याकडे बघू नका. पहाटेच्या सफारीआधी सगळे गीझर एकदम चालू होतात, म्हणून आंघोळ परत आल्यावर करा.

चिखलदऱ्याला पावसाळ्यात शनिवार-रविवार? नकोच बाप्पा. बुधवारी जा. धुकं तेच असतं, हॉर्न कमी.

आणि हो, आपली पोरं कॉरिडॉरमध्ये धावत असतील तर आधी ती आवरा.