कपाटाची किल्ली आणि वाचन प्रेरणा दिन

प्रश्न : आमच्या जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत दर वर्षी १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन साजरा होतो. प्रतिमापूजन, भाषण आणि तासभर सामूहिक वाचन झाले की पुस्तके पुन्हा कपाटात जातात. हरवली तर भरपाई कोणी करायची, या भीतीने ती वर्षभर कुलपातच असतात. या वर्षी पालक व ग्रामस्थांना बरोबर घेऊन काय करता येईल?
— एक शिक्षिका

उत्तर : आपण कार्यक्रमाविषयी विचारले आहे, पण खरी अडचण कुलपाची आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करू. ज्यांच्या जयंतीला आपण हा दिवस पाळतो, त्या डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्म १९३१ सालचा, आणि डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली तेही त्याच वर्षी. त्यांतले पहिलेच सूत्र असे आहे की, ग्रंथ हे उपयोगासाठी असतात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानेही प्रत्येक शाळेत वर्तमानपत्रे, मासिके आणि गोष्टींसह सर्व विषयांची पुस्तके असलेले ग्रंथालय असावे, असे म्हटले आहे.

आपली भीती मात्र खोटी नाही. दाखल नोंदवहीत, म्हणजे आलेले प्रत्येक पुस्तक क्रमांक देऊन नोंदवतात त्या वहीत, असलेला आकडा आणि कपाटातली पुस्तके जुळली नाहीत की उत्तर शिक्षकालाच द्यावे लागते. म्हणून सप्टेंबरमध्येच शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत हा विषय घ्यावा, पुस्तके मुलांना घरी देण्याचा ठराव करून तो इतिवृत्तात नोंदवावा आणि फाटलेल्या किंवा हरवलेल्या पुस्तकांच्या निर्लेखनाची, म्हणजे ती नोंदवहीतून रीतसर वजा करण्याची, रीत केंद्रप्रमुखांकडून आधीच समजून घ्यावी. हाताळून फाटलेले पुस्तक हे शाळेचे नुकसान आहे असे मला वाटत नाही. वीस वर्षे कोरे राहून वाळवीने खाल्लेले पुस्तक पाहिले की मात्र फार वाईट वाटते.

एवढे झाले की दिवसाचा कार्यक्रम आपोआप सुचतो. ग्रंथदिंडी अवश्य काढावी, पण पालखीत कोणती पुस्तके ठेवायची ते मुलांना ठरवू द्यावे. आठवडाभर आधी सगळी पुस्तके सतरंजीवर मांडावीत, प्रत्येक मुलाने एक निवडावे आणि ते का निवडले हे दोन वाक्यांत सांगावे. दिंडी पारावर, मंदिरापुढे, चावडीपाशी थांबेल तेव्हा तिथे एका मुलाने एक पान मोठ्याने वाचावे. लेझीम असेल तर उत्तमच, पण ते पान ऐकू येईल इतकी शांतता राखावी. गावात शासनमान्य सार्वजनिक वाचनालय असेल, तर दिंडीचा शेवट तिथे करावा आणि मुलांना तिथली पुस्तके घरी कशी मिळतील, हे ग्रंथपालांशी आधी बोलून ठेवावे.

या दिवसाचा सर्वांत मोठा लाभ असा की, पाठोपाठ दिवाळीची सुट्टी येते. त्या संध्याकाळी प्रत्येक मूल सुट्टीसाठी एक पुस्तक घेऊन घरी जावे. देवघेव नोंदवही पाचवीच्या दोघा मुलांकडे सोपवावी. मुले असे काम किती चोख करतात, हे आपण स्वतःच पाहाल. दिवाळी अंकांची आपली परंपरा १९०९ पासूनची आहे, तेव्हा ग्रामस्थांनी वाचून झालेले मुलांजोगे अंक शाळेला द्यावेत, असे आवाहन त्याच दिवशी करावे. पैशांची अडचण असेल तर बालभारतीचे ‘किशोर’ मासिक विसरू नये. ते १९७१ पासून निघत आहे आणि त्याचे जुने अंक संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात.

प्रश्न : मुलीच्या शाळेने वाचन दिनाला पालकांना मुलांसमवेत वाचायला बोलावले आहे. माझे शिक्षण दुसरीपर्यंतच झाले. चार लोकांत वाचायची लाज वाटते. जाऊ की नको?
— एक आई

उत्तर : ताई, अवश्य जा. मुलीला वाचू द्या आणि तुम्ही ऐका. पुढे काय झाले, असे विचारणारे कोणी शेजारी बसले की मूल थांबून थांबून का होईना, पान पुरे करते. आणि शिक्षकांना एवढे सांगा की तुम्हाला जात्यावरच्या ओव्या, आजीने सांगितलेली एखादी कहाणी किंवा पेरणीची गाणी येतात. तुम्ही सांगाल ते मुलांनी लिहून घ्यावे, चित्रे काढावीत, पाने सुईदोऱ्याने शिवून पुठ्ठा घालावा. शिक्षकांना माझी विनंती आहे की, त्या हस्तलिखितावर आईचे नाव घालून त्याला इतर पुस्तकांसारखाच दाखल क्रमांक द्यावा आणि तेही मुलांना घरी न्यायला द्यावे.