बंदी कुणाला आणि बंदी कशावर

विचारणा अशी आहे: ऑस्ट्रेलियाच्या बातम्यांत ‘किशोरवयीनांवर समाजमाध्यमबंदी’ असं वाचायला मिळतं. ‘मुलांवर बंदी’ बरोबर की ‘मुलांना बंदी’? की सरळ ‘प्रतिबंध’ म्हणावं? आणि टीनएजरला ‘किशोर’ चालेल का?

‘मुलांवर बंदी’ चूक. ‘वर’ लावून बंदी येते ती वस्तूवर: प्लास्टिकच्या पिशव्यांवर, फटाक्यांवर. माणसाला ‘ला’ लागतो आणि बंदी कशाची तेही सांगावं लागतं: मुलांना खातं उघडायला बंदी. परवा कर्जत लोकलमध्ये एक गृहस्थ शेजाऱ्याला सांगत होते, “तिकडे सोळाच्या आतल्या मुलांवर बंदी आलीये.” म्हणजे आता काय, कापडी मुलं वापरायची?

‘प्रतिबंध घातला’ ही हिंदी बातम्यांची उसनवारी. मराठीत प्रतिबंध म्हणजे घडायच्या आधी अडवणं. रोगप्रतिबंधक लस, लाचलुचपत प्रतिबंधक विभाग. ‘बंदी’ फारसी म्हणून ती हाकलून ‘प्रतिबंध’ आणा, असं सांगणारे शुद्धिवादी तर थोरच. संस्कृत ‘बंध’ आणि फारसी ‘बंद’ एकाच मुळातून फुटलेले आहेत. इंग्रजीतला ‘बाइंड’ही त्याच गोत्रातला. एका भावाला घराबाहेर काढून दुसऱ्याला पाटावर बसवण्याला शुद्धी म्हणत नाहीत.

आता खरी गंमत. फारसीत ‘बस्तन’ म्हणजे बांधणं. त्याचं वर्तमानातलं रूप ‘बंद’, भूतकाळातलं ‘बस्त’. दोन्ही ‘ओ’ने जोडा: बंद-ओ-बस्त. आपला बंदोबस्त! आणि बांधून ठेवलेलं गाठोडं ते ‘बस्ता’. म्हणजे लालबागच्या मिरवणुकीचा पोलीस बंदोबस्त, दादरच्या दुकानात काढलेला लग्नाचा बस्ता आणि सरकारची बंदी ही एकाच आईची लेकरं. तेव्हा माझं म्हणणं असं की बंदी म्हणजे मुळात थांबवणं नव्हेच. बंदी म्हणजे बांधून देणं. जमाबंदी आयुक्त जमा, म्हणजे जमिनीचा सारा, येणं बंद पाडतात का? ती किती, कशी, कुणाकडून, ते बांधून देतात. आणखी पुरावा हवा तर आपल्याच शहरात फिरा. 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा (आता नावात महाराष्ट्र आलं) अजून लागू आहे आणि इथले परमिट रूम त्याच कायद्याखालच्या परवान्यांवर चालतात. दारूबंदीच्या कायद्याने दारू विकली जाते! दारू थांबली नाही, बांधली गेली.

एक निवृत्त प्राध्यापक यावर म्हणतात, जमाबंदीतली बंदी निराळी आणि मनाईची निराळी, उगाच ओढाताण करू नका. अर्थ दोन पडले हे मलाही दिसतं, सर. पण शब्द एकच आहे, आणि सरकारं त्या दोन अर्थांच्या फटीतच राजकारण करतात, हे तुमच्या व्याकरणात कुठे बसवायचं?

ऑस्ट्रेलियाचंच बघा. नोव्हेंबर 2024 मध्ये समाजमाध्यमबंदीचं विधेयक आलं आणि आठवड्याभरात दोन्ही सभागृहांतून पार झालं. सत्तेतला लेबर पक्ष आणि विरोधातला लिबरल, दोघेही बाजूने, कारण मे 2025 मध्ये निवडणूक झाली ती तेव्हा तोंडावरच होती. अंमल 10 डिसेंबर 2025 पासून. दंड मुलांना नाही, आईबापांनाही नाही. तो कंपन्यांना, 4 कोटी 95 लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत. सोळाच्या आतल्यांची खाती राहू नयेत म्हणून वाजवी उपाय कंपन्यांनीच करायचे. बांधलं कुणाला? कंपन्यांना. हा शुद्ध बंदोबस्त झाला. तिथल्या ऑनलाइन सुरक्षा आयुक्तसुद्धा सांगतात की ही बंदी नव्हे, खातं उघडणं लांबणीवर टाकलंय. पण ‘लांबणीवर’ या शब्दाला टाळ्या कोण देणार? ‘बंदी’ म्हटलं की आईबापांचा जीव भांड्यात पडतो. ज्यांची खाती गेली त्यांना मत नाही, मतदानाचं वय 18. ज्यांची घरातली कटकट मिटली त्यांना आहे, आणि त्या देशात मतदान सक्तीचं आहे.

आपल्याकडे 2023 चा वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षणाचा कायदा अठराच्या आतल्या प्रत्येकाला मूल धरतो आणि त्याची माहिती हाताळण्याआधी पालकांची पडताळता येईल अशी संमती मागतो. वय ऑस्ट्रेलियापेक्षा दोन वर्षांनी जास्तच. पण नावात ‘बंदी’ नाही, त्यामुळे लोकलमध्ये त्यावर कुणी बोलत नाही.

हां, ‘किशोर’ राहिलाच. चालेल, टीनएजरपेक्षा नेमका बसेल. टीनएजर एकोणीसपर्यंत जातो, आणि सतरा-अठराच्या पोराला ऑस्ट्रेलियाचा कायदा शिवतही नाही. संस्कृतात कैशोर म्हणजे साधारण दहा ते पंधरा. (किशोरचा जुना अर्थ घोड्याचं शिंगरू, पण तो विषय काढला तर दुपार जाईल.) ‘वयीन’ची शेपटी मात्र तेवढी कापा. किशोर म्हटलं की वय आलंच.