वाचकांचे प्रश्न : उपचारात्मक वर्गाला शिक्षक कुठून, पैसा कुठून?

प्रश्न : मुळशी तालुक्यातल्या आमच्या जिल्हा परिषद शाळेत पहिली ते पाचवीची 92 मुलं आहेत. तिसरी-चौथीतल्या बऱ्याच मुलांना सलग वाचता येत नाही. उपचारात्मक अध्यापनासाठी, म्हणजे मागे पडलेल्या मुलांना जादा शिकवण्यासाठी, वेगळा शिक्षक आणि निधी मागता येईल का? मी शाळा व्यवस्थापन समितीवर आहे.

उत्तर : संच मान्यतेत, म्हणजे पटावरून शाळेची शिक्षक पदं ठरवणाऱ्या सरकारी मंजुरीत, ‘उपचारात्मक शिक्षक’ असं पदच नाही, त्यामुळे त्या नावाने केलेला अर्ज गटशिक्षणाधिकारी कार्यालयातून तसाच परत येईल. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 24 नुसार प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता तपासणं आणि गरज असेल तर जादा शिकवणं हे नेमलेल्या शिक्षकाचंच कर्तव्य आहे. म्हणून मागणी करायची ती मंजूर पदं पूर्ण भरण्याची. ती कायद्याने तुमच्या हक्काची आहेत.

कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीला 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक, 61 ते 90 ला तीन आणि 91 ते 120 ला चार. तुम्ही बरोबर काठावर आहात. पट 30 सप्टेंबरचा धरतात आणि आधार जुळलेली मुलंच मोजतात. दोघांच्या आधारवरचं नाव किंवा जन्मतारीख शाळेच्या नोंदीशी जुळली नाही, तर पट 90 होतो आणि चौथ्या शिक्षकावरचा हक्कच जातो. ऑगस्टमध्येच मुख्याध्यापकांकडून न जुळलेल्या मुलांची यादी घ्या आणि पालकांना दुरुस्तीला पाठवा. नवं पद मागताना राज्याच्या 15 मार्च 2024 च्या शासन निर्णयातले निकषही लागतात, तो कागद सोबत ठेवा.

पद मंजूर आहे पण रिकामं आहे, अशी स्थिती असेल तर 7 जुलै 2023 च्या शासन निर्णयाने दरमहा 20,000 रुपये मानधनावर निवृत्त शिक्षक घेण्याची वाट काढली होती. सध्या ती सोय चालू आहे का, हे कार्यालयात विचारा आणि उत्तर लेखी मागा.

आता पैसा. समग्र शिक्षा अभियान या शालेय शिक्षणाच्या सरकारी योजनेत केंद्राचा वाटा 60 टक्के आणि राज्याचा 40 टक्के असतो. त्यातलं संयुक्त शाळा अनुदान 31 ते 100 पटाला वर्षाला कमाल 25,000 रुपये आहे. त्यातले किमान 10 टक्के, म्हणजे 2,500, स्वच्छतेवर खर्च करावे लागतात. बाकीच्यात वीजबिल, किरकोळ दुरुस्ती आणि शैक्षणिक साहित्य बसवायचं. मानधन यातून देता येत नाही. साहित्याला मात्र फार पैसे लागत नाहीत. प्रत्येक गटाला 100 मण्यांची एक माळ, दहाचे गठ्ठे बांधलेल्या काड्या, अंककार्डं, शब्दपट्ट्या आणि सोप्या गोष्टींची दहा-बारा पुस्तकं पुरतात.

घोटाळा होतो तो वेळेचा. निधी फेब्रुवारी-मार्चमध्ये हाती येतो, 31 मार्चच्या आत संपवायचा म्हणून घाईघाईने सरावपुस्तिका छापून घेतात, आणि त्या मुलांच्या हातात पडेपर्यंत परीक्षा आलेली असते. त्यासाठी साहित्याची यादी जूनच्या सभेत ठरावासह मंजूर करून ठेवा आणि शाळा विकास आराखड्यात घाला. पैसे आले की त्याच दिवशी खरेदी करता येते.

प्रश्न : येरवड्याच्या शाळेत तिसरी-चौथीला शिकवते. रोज तास घेऊनही मुलं पुढे सरकत नाहीत. काय चुकतं?

उत्तर : ताई, बहुतेक ठिकाणी गट चुकलेले असतात. लेखी चाचणीतल्या गुणांवरून ‘अप्रगत’ मुलांचा एकच गट केला, की अक्षर न ओळखणारा आणि जोडाक्षराला अडखळणारा शेजारी-शेजारी बसतात आणि दोघांचाही वेळ वाया जातो. प्रत्येक मुलाला जवळ बसवून तोंडी तपासा : अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. गणितात 1 ते 9, मग 11 ते 99, मग हातच्याची वजाबाकी, शेवटी भागाकार. एका मुलाला सात-आठ मिनिटं लागतात.

दुसरं वेळापत्रक. दोन्ही वर्गांचा उपचारात्मक तास एकाच वेळी ठेवा, म्हणजे इयत्तेची भिंत मोडून स्तराप्रमाणे गट करता येतील. खेळ किंवा चित्रकलेचा तास यासाठी काढून घेऊ नका. ज्या मुलाला वाचता येत नाही, त्याला शाळेत आनंद देणारे तेच तास असतात. सर्वांत मागचा गट सर्वांत अनुभवी शिक्षकाकडे हवा. तो प्रशिक्षणार्थीकडे सोपवणं ही या कामातली सर्वांत महागडी चूक आहे. दर महिन्याला फेरतपासणी करून मुलं पुढच्या गटात सरकवा. एखादं मूल दोन महिने जागचं हललं नाही, तर डोळे आणि कान तपासून घ्या.

प्रश्न : हडपसरला राहतो. मुलगा पाचवीच्या वार्षिक परीक्षेत नापास झाला. जादा तासांसाठी वर्गशिक्षक फी मागतात. द्यावी का?

उत्तर : नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 28 नुसार शिक्षकाला खासगी शिकवणी घेता येत नाही. याच कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीप्रमाणे नापास मुलाला जादा मार्गदर्शन देऊन निकालापासून दोन महिन्यांत पुनर्परीक्षा घ्यायची असते. मुख्याध्यापकांकडे या मार्गदर्शनाचं वेळापत्रक लेखी मागा.

प्रश्न : मुलीला अध्ययन अक्षमता आहे. शाळा म्हणते, विशेष शिक्षक आठवड्यातून एकदाच येतात.

उत्तर : अध्ययन अक्षमता 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत येते. सर्वोच्च न्यायालयाने 7 मार्च 2025 ला राज्यांना विशेष शिक्षकांची पदं निर्माण करायला सांगितलं आहे. प्राथमिकला अशा 10 मुलांमागे एक शिक्षक, त्यापुढच्या वर्गांना 15 मुलांमागे एक, हे प्रमाण आहे. पदं भरेपर्यंत शाळेला एवढं सांगा : भेटीच्या दिवशी विशेष शिक्षकांनी पुढच्या आठवड्याचं काम वर्गशिक्षकांना लिहून द्यावं, आणि त्या वहीची एक प्रत तुमच्या घरी यावी.