रोमेनियाचा रग्बी संघ एकेकाळी फ्रान्स आणि वेल्सला हरवत असे, मग आज त्याची ही अवस्था का?

आपण २०२३ च्या विश्वचषकातील निकाल समोर ठेवून विचारले आहे की आयर्लंडकडून ८२-८, दक्षिण आफ्रिकेकडून ७६-० आणि स्कॉटलंडकडून ८४-० असा हरणारा हा संघ पूर्वी खरोखरच फ्रान्स आणि वेल्सला हरवत होता का, आणि हरवत असेल तर मधल्या काळात असे काय घडले. पहिल्या भागाचे उत्तर निःसंशय ‘हो’ असे आहे. दुसऱ्या भागाचे कारण म्हणून बहुतेक जण रोमेनियातील साम्यवादी राजवट उलथवणाऱ्या १९८९ च्या क्रांतीकडे बोट दाखवतात. मी हा संघ बरीच वर्षे आस्थेने पाहत आलो आहे आणि मला ते स्पष्टीकरण अपुरे वाटते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

रोमेनियात हा खेळ पहिल्या महायुद्धापूर्वी पॅरिसहून शिकून परतलेल्या तरुणांनी आणला. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधील कांस्यपदकाचा उल्लेख नेहमी केला जातो, परंतु त्या स्पर्धेत तीनच संघ होते आणि रोमेनिया दोन्ही सामने हरला होता, त्यामुळे त्या पदकावरून संघाची ताकद ठरवता येत नाही. खरी कमाई दुसऱ्या महायुद्धानंतरची आहे. १९६० ते १९६३ अशी सलग चार वर्षे फ्रान्सला रोमेनियावर एकही विजय मिळवता आला नाही. दोन सामने रोमेनियाने जिंकले आणि दोन बरोबरीत सुटले. नोव्हेंबर १९८० मध्ये बुखारेस्टला रोमेनियाने फ्रान्सला १५-० असे नमवले, आणि त्याच फ्रान्सने पुढच्या काही महिन्यांत पाच राष्ट्रांच्या (इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंड, वेल्स आणि फ्रान्स) वार्षिक स्पर्धेतील चारही सामने जिंकून ग्रँड स्लॅम मिळवला. १९८३ मध्ये वेल्स बुखारेस्टमध्ये २४-६ असा हरला. १९८४ च्या वसंत ऋतूत ग्रँड स्लॅम जिंकलेला स्कॉटलंडचा संघ त्याच वर्षी तेथे २८-२२ असा पराभूत झाला. डिसेंबर १९८८ मध्ये तर रोमेनियाने थेट कार्डिफमध्ये जाऊन, त्या वर्षी ट्रिपल क्राउन मिळवलेल्या, म्हणजे इंग्लंड, स्कॉटलंड आणि आयर्लंड या तिघांनाही हरवलेल्या वेल्सला १५-९ असे हरवले. घरच्या मैदानाचा फायदा किंवा प्रतिस्पर्ध्याचा पडता काळ अशी कोणतीही एक सबब या सर्व निकालांना लावता येत नाही.

ही ताकद कोठून आली, हे समजल्याशिवाय तिचा ऱ्हासही समजणार नाही. त्या काळात रग्बी युनियन, म्हणजे पंधरा खेळाडूंची रग्बी, हा नियमाने हौशी खेळ होता, खेळण्याचे पैसे घेता येत नसत; वेल्सचा खेळाडू दिवसा शाळेत शिकवत असे किंवा कारखान्यात काम करत असे आणि संध्याकाळी सरावाला येत असे. रोमेनियातील उत्तम खेळाडू मात्र प्रामुख्याने दोन क्लबांत एकवटलेले होते: स्तेआवा हा लष्कराचा क्लब आणि दिनामो हा गृहखात्याचा. आपल्याकडे सेनादल आणि रेल्वेचे संघ जसे खेळाडूला नोकरी देऊन त्याचा संसार सांभाळतात, तशीच ही व्यवस्था होती, फक्त ती कितीतरी अधिक घट्ट आणि सरकारी इच्छेवर चालणारी होती. कागदोपत्री अधिकारी किंवा शिपाई असलेला खेळाडू प्रत्यक्षात वर्षभर रग्बीच खेळत असे. बुखारेस्टमधील रेल्वे कामगारांचा ग्रिवित्सा हा क्लबही याच परंपरेतला. खेळाडू वर्षानुवर्षे एकत्र राहत असल्यामुळे त्यांच्या फॉरवर्ड फळीला, म्हणजे स्क्रममध्ये खांद्याला खांदा लावून रेटणाऱ्या आठ जणांना, एकमेकांची प्रत्येक हालचाल ठाऊक असे. धष्टपुष्ट खेळाडू सर्वच देशांना मिळतात, पण आठ जणांनी एकाच क्षणी जोर लावणे ही सरावाने कमावण्याची गोष्ट आहे, आणि तो सराव करायला रोमेनियाकडे इतरांपेक्षा जास्त वेळ होता.

या व्यवस्थेची दुसरी बाजू विसरणे अन्यायाचे होईल. खेळाडूंना परदेशी जाऊन राहण्याचे स्वातंत्र्य नव्हते आणि दौऱ्यावर त्यांच्यावर पाळत असे. डिसेंबर १९८९ मध्ये एडिंबरो येथील सामन्यानंतर क्रिस्तियान रादुकानू हा खेळाडू पहारेकऱ्यांची नजर चुकवून निसटला आणि त्याने ब्रिटनमध्ये आश्रय घेतला. त्यानंतर काही दिवसांतच हुकूमशहा चाउशेस्कूची साम्यवादी राजवट कोसळली. त्या धुमश्चक्रीत, नाताळच्या आदल्या दिवशी, कार्डिफच्या विजयात संघाचा कर्णधार असलेला फ्लोरिका मुरारियू हा रस्त्यावरील तपासणी नाक्यावर एका सैनिकाच्या गोळीने मृत्युमुखी पडला. तो स्वतः लष्करी अधिकारी होता. आणखीही काही रग्बीपटू त्या दिवसांत मारले गेले. या माणसांबद्दल लिहिताना आजही मन जड होते.

तरीही ‘क्रांतीने संघ संपवला’ हे विधान कालक्रमाला धरून नाही. मुरारियूच्या मृत्यूनंतर पाचच महिन्यांनी, मे १९९० मध्ये, रोमेनियाने ओश येथे फ्रान्सला १२-६ असे हरवले, आणि फ्रान्सच्या भूमीवरचा हा त्यांचा पहिला विजय होता. ऑगस्ट १९९१ मध्ये स्कॉटलंड बुखारेस्टमध्ये १८-१२ असा हरला आणि त्याच वर्षीच्या विश्वचषकात रोमेनियाने फिजीवरही मात केली. म्हणजे खेळाडू होते, कौशल्य होते आणि जिद्दही होती. जे नष्ट होत होते ते त्यांच्या पायाखालचे होते. लष्कर आणि गृहखाते यांनी क्लबांवर खर्च करणे हळूहळू थांबवले, चांगले खेळाडू फ्रान्समधील क्लबांकडे गेले, आणि तरुणांच्या नव्या पिढीला या खेळातून स्थिर नोकरी मिळण्याची खात्री राहिली नाही.

नेमक्या याच वेळी, ऑगस्ट १९९५ मध्ये, रग्बी युनियनने हौशीपणाचा नियम रद्द केला. हा योगायोग रोमेनियाला सर्वांत महाग पडला असे माझे मत आहे. जो फायदा इतकी वर्षे केवळ त्यांच्याकडे होता, म्हणजे पूर्ण वेळ खेळणारे खेळाडू, तो आता इंग्लंड, फ्रान्स आणि वेल्स यांनाही उघडपणे मिळाला, आणि तोही दूरचित्रवाणीच्या पैशाच्या बळावर. तो पैसा पाच राष्ट्रांच्या वार्षिक स्पर्धेभोवती फिरत होता आणि रोमेनिया त्या स्पर्धेच्या बाहेर होता. ऐंशीच्या दशकात त्याला आत घेण्याची चर्चा होत असे, परंतु ती चर्चेच्या पुढे गेली नाही. मोठ्या संघांची वृत्ती किती सावध होती, याचे एक उदाहरण पुरेसे आहे: १९७९ मध्ये कार्डिफला वेल्सने रोमेनियाला जेमतेम १३-१२ असे हरवले, पण त्या सामन्यासाठी आपल्या खेळाडूंना अधिकृत आंतरराष्ट्रीय सामन्याचा मान दिला नव्हता. अखेर २००० मध्ये स्पर्धेत सहावा संघ घेतला गेला, तो इटलीचा. इटलीने त्या वेळी ती जागा खेळाच्या बळावर मिळवली होती, यात शंका नाही. परंतु दार उघडायला जी पंधरा वर्षे लागली, तीच रोमेनियाच्या घसरणीची वर्षे होती. नोव्हेंबर २००१ मध्ये लंडनच्या ट्विकनहॅम मैदानावर इंग्लंडने रोमेनियाला १३४-० असे हरवले. त्या इंग्लंड संघातील प्रत्येक जण व्यावसायिक होता.

त्यानंतरचा इतिहास सरसकट पडझडीचा नाही. २००४ मध्ये रोमेनियाने इटलीला २५-२४ असे हरवले. २०१५ च्या विश्वचषकात लेस्टर येथे कॅनडाविरुद्ध ०-१५ अशा पिछाडीवरून कर्णधार मिहाई माकोवेईच्या दोन ट्राय (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे जमिनीला टेकवून मिळवलेले गुण) आणि फ्लोरिन व्लाइकूच्या अखेरच्या पेनल्टीच्या जोरावर त्यांनी १७-१५ असा विजय खेचून आणला; इतकी मोठी पिछाडी भरून काढून जिंकण्याचा प्रसंग तोवर विश्वचषकात घडला नव्हता. मात्र प्रशासनाच्या चुकांचे खापर इतरांवर फोडता येणार नाही. टोंगाच्या सेव्हन्स (सात जणांच्या रग्बीच्या) संघातून आधी खेळलेल्या, म्हणून अपात्र ठरलेल्या खेळाडूला मैदानात उतरवल्यामुळे पात्रता फेरीतील रोमेनियाचे गुण कापले गेले आणि २०१९ चा विश्वचषक हातचा गेला. गंमत म्हणजे २०२३ ची जागाही त्यांना अशाच कारणाने स्पेनचे गुण कापले गेल्यावर मिळाली. तयारीने नव्हे तर निवाड्याने मिळालेल्या प्रवेशाचे परिणाम आपण दिलेल्या आकड्यांत दिसतात.

त्यातही एक गोष्ट लक्षात ठेवावी. आयर्लंडविरुद्ध बोर्दो येथे झालेल्या त्या ८२-८ च्या सामन्यात पहिला ट्राय रोमेनियाच्या गाब्रिएल रुपानूने केला होता. पहिली काही मिनिटे बरोबरीने झुंजणारा संघ पुढे कोलमडतो, तेव्हा कमतरता अंगभूत गुणांची नसून वर्षभर तोडीच्या सामन्यांत खेळण्याची असते, असे मला वाटते.

चोवीस संघांच्या २०२७ च्या ऑस्ट्रेलियातील विश्वचषकासाठी रोमेनिया या वेळी मैदानावरील कामगिरीनेच पात्र ठरला आहे, आणि त्याच्या गटात दक्षिण आफ्रिका, इटली आणि जॉर्जिया आहेत. आपल्याला या संघाची खरी पातळी जोखायची असेल तर दक्षिण आफ्रिकेविरुद्धचा गुणफलक बाजूला ठेवून जॉर्जियाविरुद्धचा सामना पाहावा. जॉर्जियाचे खेळाडूही मोठ्या संख्येने फ्रान्समध्येच खेळतात, सहा राष्ट्रांच्या स्पर्धेचे दार त्यांच्यासाठीही बंदच आहे, आणि तरीही गेल्या दोन दशकांत ते रोमेनियाच्या स्पष्टपणे पुढे गेले आहेत. त्या सामन्यात रोमेनियाचा स्क्रम शेवटच्या वीस मिनिटांत टिकतो का, हे मी पाहणार आहे.