‘सबमिट’ दाबण्याआधी

होतकरू संशोधकास,
सप्रेम आशीर्वाद.

मसुदा पूर्ण झाला, सहलेखकांनी होकार दिला, आता पेपर आर्काइव्ह (arXiv) या ऑनलाइन साठ्यावर केव्हा टाकायचा आणि कुठल्या जर्नलला पाठवायचा, हा तुझा प्रश्न. मुक्त प्रकाशन म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे आधी लेखकाने भरायची फी येते. आपल्या विषयात ती गोष्ट दुय्यम आहे. भौतिकशास्त्रज्ञ पॉल गिन्सपार्ग यांनी १९९१ मध्ये प्रीप्रिंटचा, म्हणजे जर्नलमध्ये छापून येण्याआधीच्या पेपरांचा, हा साठा सुरू केला, पुढच्याच वर्षी त्यात ॲस्ट्रो-पीएच हा आपला विभाग आला, आणि आज खगोलभौतिकीतलं जवळजवळ सगळं नवं काम तिथे कोणालाही फुकट वाचता येतं. तुझा पेपर लोकांना वाचायला मिळणारच आहे. काळजी घ्यायची ती वेगळ्याच गोष्टीची: तिथे टाकलेलं परत घेता येत नाही. ‘मागे घेतला’ असा शेरा मारता येतो, पण जुनी आवृत्ती तशीच राहते आणि कोणीही उघडून वाचू शकतं. म्हणून या पत्रात मी मुख्यतः न पुसता येणाऱ्या गोष्टींबद्दलच लिहितो आहे.

आधी ‘केव्हा’ बघू. विश्वरचनाशास्त्र, गुरुत्वीय लहरी, उच्च ऊर्जेच्या घटना, इथे जर्नलला पाठवतात त्याच दिवशी आर्काइव्हवर टाकायची रीत आहे. तारे किंवा दीर्घिका यांवर काम करणारे बरेच जण रेफरीचा, म्हणजे जर्नलने नेमलेल्या परीक्षकाचा, पहिला अहवाल येईपर्यंत, काही तर स्वीकृती मिळेपर्यंत थांबतात. पहिल्या पेपरसाठी माझं मत स्पष्ट आहे: दुसऱ्या गटाशी शर्यत नसेल तर पहिला अहवाल येऊ दे. रेफरीच्या हाती सापडलेली चूक दोघा-तिघांत राहते, आर्काइव्हवरची चूक ‘व्ही १’ (पहिली आवृत्ती) या नावाने कायमची राहते. शर्यत असेल तर लगेच टाक, पण कॉमेंट्सच्या रकान्यात ‘जर्नलला पाठवला आहे’ की ‘स्वीकारला आहे’ ते प्रामाणिकपणे लिही. वाचणारा त्यावरून किती भरवसा ठेवायचा ते ठरवतो.

मार्च २०१४ मध्ये बायसेप-२ दुर्बिणीच्या गटाने आदिम, म्हणजे विश्वाच्या अगदी सुरुवातीच्या, गुरुत्वीय लहरींच्या खुणा सापडल्याचं पत्रकार परिषदेत जाहीर केलं, तेव्हा पेपरचं परीक्षण व्हायचं होतं. आपल्या दीर्घिकेतली धूळ किती, याच्या त्यांच्या अंदाजांपैकी एक प्लँक उपग्रहाच्या गटाच्या परिषदेतल्या स्लाइडवरून मोजून काढलेल्या आकड्यांवर उभा होता. २०१५ च्या सुरुवातीला प्लँकबरोबर संयुक्त विश्लेषण झालं आणि तो संकेत धुळीने समजावता येतो असं दिसलं. यात प्रीप्रिंटचा दोष नाही, उलट सगळं उघड्यावर असल्यामुळेच शंका लवकर पुढे आल्या. धडा पायाभूत आकड्यांचा आहे. दुसऱ्याची माहिती वापरली असेल तर ती प्रकाशित आणि डाउनलोड करता येणारी असावी. चित्रावरून वाचलेले आकडे वापरावेच लागले, तर तसं पेपरात लिहावं.

आता खातं. आर्काइव्हच्या एखाद्या विभागात पहिल्यांदा पेपर टाकणाऱ्याला सहसा शिफारस लागते. तुला एक कोड मिळतो, तो त्या विभागात आधी पेपर टाकलेल्या पात्र संशोधकाला पाठवायचा. संस्थेचा ई-मेल आहे म्हणजे झालं, असं धरून चालू नकोस. हे काम दोन आठवडे आधी उरक. सोपा मार्ग म्हणजे अनुभवी सहलेखकाने पेपर टाकायचा आणि मग त्याच्याकडून पेपरचा पासवर्ड घेऊन तू स्वतःची मालकी नोंदवायची. ऑर्किड क्रमांक (संशोधकाचा स्वतःचा ओळखक्रमांक) नसेल तर तोही आजच काढ. फुकट आहे, आणि सारख्या नावाच्या दुसऱ्या कोणाचे पेपर तुझ्या खात्यावर चढण्यापासून वाचवतो.

खरा घोळ होतो तो फाइलींच्या गाठोड्यात. पेपर लाटेक या मांडणीच्या भाषेत लिहिला असेल तर आर्काइव्हला पीडीएफ चालत नाही, मूळ सोर्स द्यावा लागतो, आणि तो सोर्स कोणालाही उतरवून घेता येतो. टक्क्याच्या चिन्हामागे दडवलेल्या टिपा पीडीएफमध्ये दिसत नाहीत, सोर्समध्ये सगळ्या दिसतात. ‘हा आकडा नीट तपासलेला नाही’, ‘रेफरीला हे कळणार नाही’, सहलेखकाबद्दलचा शेरा, वगळलेला अख्खा परिच्छेद, सगळं जगापुढे जातं. म्हणून गाठोडं बांधण्याआधी अशा सगळ्या ओळी उडव. त्यासाठी तयार साधनं आहेत. पण साधन चालवल्यावर एकदा स्वतःही शोधून बघ, कारण वगळलेला मजकूर काही जण टक्क्याऐवजी कमांडच्या आडोशालाही ठेवतात. न वापरलेल्या आकृत्या आणि जुने मसुदेही त्याच फोल्डरमध्ये पडलेले असतात, तेही काढ.

संदर्भांसाठी बीबीएल (संदर्भसूचीची तयार) फाइल बरोबर दे आणि तिचं नाव मुख्य फाइलच्या नावाशी जुळव. नाहीतर पेपरभर संदर्भांच्या जागी प्रश्नचिन्हं उमटू शकतात. फाइलींच्या नावात मोकळी जागा नको. लहान-मोठ्या इंग्रजी अक्षरांतला फरकही सांभाळ: तुझ्या संगणकावर चाललेलं नाव तिथल्या लिनक्सवर सापडेलच असं नाही. आणि दहा लाख ताऱ्यांचा ठिपक्यांचा आलेख व्हेक्टर पीडीएफ म्हणून कधीही देऊ नकोस. प्रत्येक ठिपका वेगळी वस्तू म्हणून साठतो, फाइल फुगते आणि वाचणाऱ्याचा संगणक त्या पानावर अडकतो. मॅटप्लॉटलिब या आलेख काढायच्या साधनात फक्त ठिपक्यांचा थर रास्टर, म्हणजे सपाट चित्र, कर, ३०० डीपीआय पुरे. अक्ष आणि अक्षरं व्हेक्टरच राहू देत.

फॉर्ममधल्या सारांशाला १,९२० अक्षरांची मर्यादा आहे. त्यात तू स्वतः बनवलेल्या कमांड चालत नाहीत, ‘किलोमीटर प्रतिसेकंद’साठी केलेली छोटी कमांड तिथे जशीच्या तशी कच्ची छापली जाते. ॲस्ट्रो-पीएचचे २००९ पासून सहा उपविभाग आहेत. बाह्यग्रहांचा पेपर ग्रहांच्या विभागात, डिटेक्टरचा उपकरणांच्या विभागात. दुसरीकडेही नोंद हवी असेल तर एखादीच माग, चार ठिकाणी नको. विभाग खटकला तर मॉडरेटर पेपर रोखून धरतात आणि ठरवलेला दिवस हुकतो.

वेळेचं गणित असं: सोमवार ते शुक्रवार, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या घड्याळानुसार दुपारी २ वाजेपर्यंत आलेले पेपर एका यादीत जातात, ती यादी रात्री ८ ला निघते (शुक्रवारची मात्र रविवारी रात्री). शुक्रवारी दुपारी २ नंतर आलेलं सगळं सोमवारी रात्रीच्या यादीत एकत्र येतं. यादीत वर असलेल्या पेपरांना जास्त संदर्भ मिळतात असं अभ्यासांत दिसलं आहे, म्हणून लोक २ वाजून काही सेकंदांनी बटण दाबायला टपून बसतात. तू त्या नादी लागू नकोस. घाईत पाठवलेला चुकीचा सारांश पहिल्या जागेवर झळकण्यापेक्षा बरोबर सारांश चाळिसावा बरा. मुदतीच्या निदान एक दिवस आधी सगळं चढव आणि तिथे तयार झालेली पीडीएफ पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाच. यादी निघेपर्यंत पेपर मागे घेऊन दुरुस्त करता येतो. एकदा निघाली की संपलं.

परवान्याच्या पानावर बहुतेक जण अर्धा मिनिटही थांबत नाहीत, आणि नेमका तोच निर्णय बदलता येत नाही. आर्काइव्हचा स्वतःचा परवाना निवडला तर आर्काइव्हला वितरणाचा हक्क मिळतो, वाचकाला वाचण्यापलीकडे फारसं काही नाही. तुझी आकृती पाठ्यपुस्तकात घ्यायची किंवा पेपरचं भाषांतर करायचं तर परवानगी मागावी लागते. सीसी बाय हा क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना निवडला तर श्रेय देऊन कोणीही काहीही करू शकतं, अगदी विकूही शकतं. विक्रीची भीती वाटून अनेक जण ‘बिगर-व्यापारी’ अट लावतात. पण त्या अटीमुळे आकृती विकिपीडियावरही जाऊ शकत नाही. माझा कल सीसी बायकडे आहे, मात्र दोन गोष्टी तपासून. एक, तुझं जर्नल लेखकाकडून स्वामित्वहक्क लिहून घेतं का? घेत असेल तर आधीच सीसी बायने दिलेल्या मजकुराचं त्यांना चालतं का ते विचार. दोन, पेपरमध्ये दुसऱ्या कोणाची आकृती उचलून घातली आहे का? जी तुझी नाही ती तुझ्या परवान्याने वाटता येत नाही. शक्यतो मूळ आकडे घेऊन आकृती नव्याने काढ.

जर्नलची निवड आता आधीपेक्षा सोपी झाली आहे. अमेरिकन ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीची जर्नलं, म्हणजे ॲस्ट्रोफिजिकल जर्नल आणि त्याची भावंडं, जानेवारी २०२२ पासून पूर्ण मुक्त आहेत. त्यांची फी लेखाच्या आकारावर ठरते: ३५० शब्दांचा एक घटक, प्रत्येक आकृतीचा एक, प्रत्येक तक्त्याचा एक. त्यामुळे चार छोट्या आकृत्या एका चौकटीत आणल्या की वाचकाचीही सोय होते आणि हिशेबही आटोपतो. रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचं मंथली नोटिसेस जानेवारी २०२४ पासून मुक्त झालं. लेखकाला फुकट म्हणून तिकडे जाणाऱ्यांना तेव्हापासून फीचा विचार करावा लागतो. ॲस्ट्रॉनॉमी अँड ॲस्ट्रोफिजिक्सचा मार्ग वेगळा. तिथे ग्रंथालयांच्या वर्गणीवरच सगळा अंक खुला होतो, आणि जर्नलला आधार देणाऱ्या देशांतल्या लेखकांना पानांमागे शुल्क पडत नाही. ओपन जर्नल ऑफ ॲस्ट्रोफिजिक्स तर आर्काइव्हवरच उभं आहे: पेपर तिथे असतो, जर्नल त्याचं परीक्षण करतं, आणि लेखक-वाचक दोघांनाही खर्च नाही. स्वीकारल्यावर सीसी बाय लागतं, हे मात्र आधी लक्षात घे. मुख्य काम सॉफ्टवेअर असेल तर जर्नल ऑफ ओपन सोर्स सॉफ्टवेअरचा विचार कर, तेही विनाशुल्क आहे.

फी कोण भरणार हे पेपर पाठवण्याआधी ठरव, स्वीकृतीनंतर नाही. संस्थेचा प्रकाशकाशी करार असेल तर तो सहसा पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाच्या संस्थेवरून लागू होतो. म्हणून त्या जागी कोणाचं नाव आणि कुठला ई-मेल जातो याला महत्त्व आहे. खाजगी ई-मेल दिला तर प्रकाशकाच्या यंत्रणेला करार दिसतही नाही. फी माफीचा अर्जही बहुधा सुरुवातीलाच करायचा असतो. आणि ‘आपल्या थोर संशोधनाने आम्ही प्रभावित झालो’ अशी पत्रं येऊ लागतील, तेव्हा एवढंच बघ: तुझ्या संदर्भसूचीतल्या लोकांनी त्या जर्नलमध्ये कधी काही छापलं आहे का?

पेपर मुक्त आणि त्यामागचे आकडे कुलपात, असं अर्धवट काम करू नकोस. ‘योग्य विनंती केल्यास माहिती मिळेल’ हे वाक्य मला मुळीच आवडत नाही. लेखक संस्था बदलतो, ई-मेल बंद पडतो, आणि विनंती करायची कोणाला? आकृत्यांमागचे आकडे झेनोडोवर ठेव. सर्न या युरोपीय प्रयोगशाळेच्या आधाराने चालणारं हे कोठार आहे, एका नोंदीत ५० जीबीपर्यंत मावतं आणि डीओआय, म्हणजे कायमचा ओळखक्रमांक, मिळतो. तो डीओआय आधी राखून ठेवता येतो, म्हणजे पेपरच्या मसुद्यातच छापता येईल. नोंदीला दोन डीओआय असतात, एक त्या आवृत्तीचा आणि एक सगळ्या आवृत्त्यांचा मिळून. पेपरमध्ये आवृत्तीचा दे, कारण निकाल त्याच फाइलींमधून आला आहे. कोड गिटहबवर असला तरी गिटहब हे कोठार नव्हे, रिपॉझिटरी उद्या पुसता येते. तिथली रिलीज (प्रसिद्ध केलेली आवृत्ती) झेनोडोला जोड. कोडला एमआयटी किंवा बीएसडीसारखा परवाना दे, सीसी बाय कोडसाठी बनलेला नाही. जुन्या कमिटमध्ये (कोडच्या जतन केलेल्या आधीच्या रूपांत) पासवर्ड राहिला नाही ना, तेही बघ.

तक्ता देताना एकक, निर्देशांकांचा इपोक (त्या जागा कोणत्या काळच्या ते) आणि रिकाम्या जागेचं चिन्ह लिहायलाच हवं. गाया उपग्रहाच्या तिसऱ्या माहितीसंचातल्या (डीआर-३) जागा २०१६.० च्या आहेत, हे न लिहिल्यास वेगाने सरकणारे तारे दुसऱ्याच्या यादीशी जुळत नाहीत. गायाचा स्रोत क्रमांक १९ अंकांपर्यंत जातो. ती फाइल एकदा एक्सेलमध्ये उघडून जतन केली की १५ अंकांपुढे शून्यं बसतात आणि ताऱ्याची ओळखच जाते. हा स्तंभ मजकूर म्हणून ठेव. वेळेच्या स्तंभात नुसतं ‘जेडी’ (ज्युलियन दिनांक) लिहू नकोस. यूटीसी (घड्याळाची जागतिक वेळ) आणि टीडीबी (सूर्यमालेच्या केंद्राशी जोडलेली वेळ) यांत आज सुमारे ६९ सेकंदांचा फरक आहे, आणि पृथ्वीची वेळ सूर्यकेंद्री करताना ८ मिनिटांहून जास्त फरक पडू शकतो. अधिक्रमणाच्या (ग्रह ताऱ्यासमोरून जाण्याच्या) वेळा मोजणाऱ्याला तेवढ्यावरून नसलेला ग्रह सापडेल! दुर्बिणीची कच्ची निरीक्षणं मात्र स्वतःहून वाटू नकोस. अनेक वेधशाळांत प्रस्ताव देणाऱ्या गटाला ती एकट्याने वापरायला ठरावीक मुदत मिळते, मुदत संपली की वेधशाळेचं स्वतःचं कोठारच ती खुली करतं. तू निरीक्षणाचा क्रमांक दिलास की पुरे.

यादी निघाल्यावर दोन-तीन दिवस ई-मेल येतील. बरेचसे ‘आमचा अमुक पेपर राहिला’ असे असतात. राग धरू नकोस, पेपर उघडून वाच, संबंध असेल तर पुढच्या आवृत्तीत घाल आणि नसेल तर दोन ओळींत तसं कळव. खरी चूक दाखवणारा ई-मेल आला तर त्याच आठवड्यात सुधारित आवृत्ती चढव आणि काय बदललं ते कॉमेंट्समध्ये लिही. पण प्रत्येक स्वल्पविरामासाठी नवी आवृत्ती नको: पाचव्या आवृत्तीनंतरचे बदल रोजच्या यादीत येतही नाहीत.

जर्नलने स्वीकारल्यावर रेफरीच्या सूचनांनंतरचा अंतिम मजकूर आर्काइव्हवर टाकायला अनेक जण विसरतात, आणि लोक वर्षानुवर्षं पहिलीच आवृत्ती वाचत राहतात. ते केल्यावर जर्नलचा संदर्भ आणि डीओआय भर, त्यासाठी नवी आवृत्ती लागत नाही. मग नासाच्या ॲस्ट्रोफिजिक्स डेटा सिस्टिम या पेपरांच्या सूचीवर, म्हणजे सगळे जिला एडीएस म्हणतात तिच्यावर जाऊन बघ. प्रीप्रिंट आणि छापील पेपर यांची नोंद तिथे एक व्हायला हवी, म्हणजे संदर्भांची मोजणी एकत्र होते. मधल्या काळात शीर्षक फार बदललं असेल तर दोन नोंदी वेगळ्या राहू शकतात. तसं दिसलं तर एडीएसला दुरुस्तीची विनंती पाठव.

सोर्सचं गाठोडं बांधून झालं की चढवण्याआधी माझ्याकडे पाठव. मी फक्त टक्क्याची चिन्हं शोधतो.

तुझा हितचिंतक