अलेमानिक जर्मन बोली नेमक्या कुठे बोलल्या जातात? फक्त स्वित्झर्लंडमध्येच का?

नाही, पट्टा बराच मोठा आहे. जर्मनभाषक स्वित्झर्लंड आणि लिक्टेनश्टाइन तर आहेतच. शिवाय ऑस्ट्रियातला फोरार्लबेर्ग प्रांत, जर्मनीचा नैर्ऋत्य कोपरा, फ्रान्सचा अल्सास आणि इटलीतली काही वाल्झर खेडी (वाल्झर म्हणजे पूर्वी स्वित्झर्लंडच्या वालिस भागातून तिकडे गेलेले लोक). श्टुटगार्टकडची श्वाबियन बोलीही सहसा याच कुळात धरतात.

कानाला खूण हवी असेल तर लाडाचा प्रत्यय ऐका: छोट्या घराला झुरिककडे 'ह्यूसली' म्हणतात, श्टुटगार्टकडे 'हाइसले'.

मला सगळ्यांत भावतं ते व्हेनेझुएलातलं कोलोनिया तोवार. १८४३ मध्ये नैर्ऋत्य जर्मनीतल्या बाडेनहून गेलेल्या कुटुंबांनी डोंगरात वसवलेलं गाव! तिथे ही बोली आता मुख्यतः वयस्कर मंडळींच्याच तोंडी उरली आहे. स्वित्झर्लंडमध्ये मात्र शिकलेसवरलेले लोकही घरीदारी, ऑफिसात, रेडिओवर हीच बोलतात. तिला कुणी गावंढळ समजत नाही.