६.५ वर अडलेला भाऊ

पत्र मेलबर्नहून आलंय. लिहिणाऱ्या ताई मूळच्या नागपूरच्या, धाकटा भाऊ अजून तिथंच, मानेवाड्याला. पत्र बरंच लांब आहे, म्हणून कामाचा भाग तेवढा देते:

"भाऊ सिव्हिल इंजिनिअर आहे. कामाचा अनुभव चांगला आहे, ऑस्ट्रेलियाच्या व्हिसाची कागदपत्रं तयार आहेत. गाडी अडलीय ती आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेवर. बँड, म्हणजे गुण, असे: लिसनिंग ८, रीडिंग ७.५, स्पीकिंग ७, आणि रायटिंग दोन्ही वेळा ६.५, हवेत ७. मी दर रविवारी व्हिडिओ कॉलवर त्याचे निबंध तपासते. चांगल्या निबंधांच्या पीडीएफ पाठवते. क्लासनं दिलेला साचा त्यानं तोंडपाठ केलाय. परवा वैतागून म्हणाला, 'ताई, मी तर रोज लिहूनच राहिलो ना, बँडच वाढून नाही राहिला.' मला तर आता त्याच्या इंग्रजीचीच शंका यायला लागलीय."

पुढं आणखी चार प्रश्न आहेत: उच्चारांचा, पीटीई या दुसऱ्या इंग्रजी परीक्षेचा, स्पॉन्सरशिपचा आणि आईचा. त्यांच्याकडे येऊच. पण तुमच्या पत्रातल्या 'तोंडपाठ' या शब्दापाशी मी थांबले, आणि या सदराचे जुने वाचक जाणतात की पाठांतराचा विषय निघाला की मला आवरणं कठीण जातं.

ताई, तुमच्या भावाच्या इंग्रजीला काही झालेलं नाही. वाचनात ७.५ मिळवणाऱ्या माणसाला इंग्रजी येतं. त्याला जे जमत नाहीये ते वेगळंच आहे: आपल्याला काय वाटतं ते ठामपणे सांगणं. आणि त्याची सवय त्याला कुणी लावलीच नाही. शाळेत बाईंनी फळ्यावर लिहिलेला निबंध उतरवायचा, दहावीला गाइडातला, इंजिनिअरिंगला मागच्या बॅचच्या फाइलमधला. घरात 'मोठी माणसं बोलताना मध्ये बोलू नये'. आणि रागावू नका, पण तुमच्या पत्राचा एकूण सूर बघता लहानपणी पाहुण्यांनी त्याला काही विचारलं की उत्तर ताईच देत असणार.

आता परीक्षेकडे या. रायटिंगला एक तास, त्यात दोन प्रश्न. पहिला किमान १५० शब्दांचा, दुसरा म्हणजे निबंध, किमान २५० शब्दांचा. निबंधाचं वजन पहिल्याच्या दुप्पट, म्हणून त्याला ४० मिनिटं द्यायची आणि पहिल्याला २०. हे तुम्हाला माहीत असणारच. पण तपासणारा काय बघतो, ते बघितलंय का? चार गोष्टी, चारींना सारखंच महत्त्व: विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलंय का, मुद्द्यातून मुद्दा निघतोय का, शब्दसंपदा, आणि व्याकरण. म्हणजे निम्मे गुण इंग्रजीच्या आधीच ठरतात, तुम्ही विचार काय केला त्यावर. तुम्ही रविवारी लाल रंगात दुरुस्त करता ते उरलेलं निम्मं. भाऊ तिथं बरा आहे हो. तो पहिल्या दोनांत मार खातोय.

तुम्ही नमुन्याला जोडलेला त्याचा निबंध मी दोनदा वाचला. विषय होता, शहरांनी नवे रस्ते बांधावेत की सार्वजनिक वाहतुकीवर पैसा खर्च करावा. सुरुवात 'आजच्या आधुनिक युगात हा एक ज्वलंत विषय बनला आहे' या छापाची. मग काही लोकांना असं वाटतं, तर काही लोकांना तसं. शेवटी दोन्ही बाजूंना तथ्य आहे आणि सरकारनं समतोल साधावा. भाड्यानं आणलेल्या शेरवानीसारखा निबंध आहे तो, चमक भरपूर आणि खांद्यात ढिला. हाच मजकूर प्लास्टिकबंदीवर चालेल, मोबाइलवर चालेल, वृद्धाश्रमावरही चालेल. तपासणारा रोज असे निबंध वाचतो. पाठ केलेलं त्याला ओळखू येतं, आणि त्याचे गुण द्यायचे नाहीत हे त्याला शिकवलेलं असतं.

आणि हा तुमचा भाऊ सिव्हिल इंजिनिअर! नागपुरात उड्डाणपुलांचं, सिमेंट रस्त्यांचं काम वर्षानुवर्षं डोळ्यांसमोर चाललंय. २०१९ पासून मेट्रो धावतेय. स्टेशनवर उतरल्यावर घरापर्यंत पुन्हा ऑटोवाल्याशी घासाघीस करावी लागते, म्हणून कितीजण सरळ दुचाकीच काढतात, हे त्याला तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं. मेच्या उन्हात बसची वाट बघणं म्हणजे काय, हे त्याला कुणी सांगायला हवं का? यातलं एक वाक्य निबंधात नाही. प्रश्नपत्रिकेतच लिहिलेलं असतं की स्वतःच्या माहितीतली किंवा अनुभवातली उदाहरणं द्या. आकडे, परदेशी विद्यापीठांची संशोधनं कुणी मागत नाही. तरी आपली मुलं 'एका संशोधनानुसार' असं ठोकून देतात, कारण साच्यात तशी रिकामी जागा असते.

माझ्या नणंदेच्या मुलाचं ऐका. त्यानंही निबंधांची एक वही पाठ केली होती. परीक्षेत आलं, मोठ्या मॉलमुळे आणि ऑनलाइन खरेदीमुळे शहरातली छोटी दुकानं बंद पडताहेत, हे चांगलं की वाईट? त्याच्या वहीत 'इंटरनेटचे फायदे-तोटे' होतं. तेच उतरवून आला. ५.५ मिळाले. आणि गंमत म्हणजे, त्याच्या वडिलांचं इतवारीत कापडाचं दुकान! मी फोनवर विचारलं, "अरे, तुझ्या बाबांच्या दुकानात आता कोण येतं?" तर पठ्ठ्या मराठीत सुरूच झाला. लग्नाचा बस्ता बांधायला अजून गावाकडचे लोक येतात कारण उधारी चालते आणि कापड हातात धरून बघता येतं, रोजच्या शर्ट-पँटचं गिऱ्हाईक मात्र गेलं, बाबांनी दोन नोकर कमी केले, म्हणून सगळीच दुकानं बंद पडतील असं नाही, ज्यांचा माल हातात घेऊन बघावा लागतो ती टिकतील. मी म्हटलं, हाच निबंध. लिही. त्यानं लिहिला, अगदी साध्या इंग्रजीत. पुढच्या परीक्षेला वही नेलीच नाही. आता तो ॲडलेडला आहे आणि मला व्हॉट्सॲपवर नको इतकी मतं पाठवत असतो.

आमच्या घरी ही खोड वडिलांमुळे. धरमपेठेतल्या घरी सकाळी 'हितवाद' यायचा. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ साली सुरू केलेला इंग्रजी पेपर, म्हणून वडिलांना त्याचं फार. आम्हा भावंडांना एक बातमी मोठ्यानं वाचायला लावायचे. पण त्यांना उच्चारात रस नसायचा. वाचून झालं की विचारायचे, "बरं, तुला काय वाटतं?" आणि "बाबा, तुम्हाला काय वाटतं?" असं म्हटलेलं चालायचं नाही. उत्तर मराठीत दिलं तरी चालायचं. त्या वेळी कटकट वाटायची, खोटं कशाला सांगू. पण आम्हा भावंडांत कुणालाही अशा परीक्षेत लिखाणानं अडवलं नाही.

म्हणून आता तुमचा रविवार बदला. पीडीएफ पाठवणं बंद. आधी विषय सांगा आणि भावाला मराठीत बोलू द्या, त्याच्या नागपुरी मराठीत, अगदी 'का बे' सकट. तुम्ही फक्त दोनच प्रश्न विचारायचे: "का?" आणि "कुठं बघितलंस?" तो "दोन्हीही बरोबर आहे" म्हणाला तर पुन्हा विचारा. दोन्ही बाजू मांडायला सांगणारे प्रश्नही असतात, नाही असं नाही, पण तिथंही स्वतःचं मत विचारलं असेल तर ते पहिल्या परिच्छेदात दिसलं पाहिजे आणि शेवटपर्यंत बदलता कामा नये. मग कॉल ठेवून द्या. त्यानं पाच मिनिटं मुद्दे मांडावेत, मग लिहावं, एकूण ४० मिनिटांत. पावणेतीनशे शब्द पुरे. चारशे लिहिले म्हणून कुणी जास्त गुण देत नाही, चुका मात्र वाढतात. परीक्षा संगणकावर द्यायची असेल तर सरावही टाइप करूनच. शब्द किती झाले ते पडद्यावर दिसतं, मोजत बसावं लागत नाही.

आणि तुम्ही तपासताना पहिला महिनाभर व्याकरणाला हात लावू नका. मला माहितीय, तुम्हाला जमणार नाही. तरी नका लावू. पहिला परिच्छेद वाचून त्याची बाजू कळते का, आणि प्रत्येक परिच्छेदात एकच मुद्दा आहे का, एवढंच बघा. आत्ता होतं काय, तुम्ही वाक्य न् वाक्य बदलता आणि शेवटी निबंध तुमचा होतो. तुम्ही मेलबर्नला केव्हाच पोचलात. परीक्षा त्याला द्यायचीय.

पहिल्या प्रश्नाचंही थोडं. तो जनरल ट्रेनिंगची परीक्षा देतोय असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे त्याला आलेख नाही, पत्र लिहायचं असतं. पत्रात काय काय यायला हवं याचे तीन मुद्दे दिलेले असतात आणि तिन्ही यायलाच हवेत. एक सुटला की गुण गेलेच. शिवाय पत्र कुणाला आहे ते बघायचं. आमचे दीर आयुष्यभर सरकारी टिपणी लिहिणारे. त्यांनी सरावात मित्राला घरी जेवायला बोलावणारं पत्र लिहिलं आणि शेवटी 'काइंडली डू द नीडफुल'. आम्ही अजून जेवायला वाढताना त्यांना तेच म्हणतो.

आता बाकीचं पटापट.

उच्चार: विसरा. परीक्षकाला समजलं पाहिजे, एवढंच. नागपूरचा हेल चालतो. स्पीकिंगला ७ मिळालेत ना? मग त्याला तिथं ऑस्ट्रेलियन करायला जाऊ नका, असलेले ७ पण घालवाल.

पीटीई: चालते ऑस्ट्रेलियाला. ती संगणकावर असते, निकाल लवकर लागतो, काहींना ती बरी पडते. पण ७ ऑगस्ट २०२५ पासून तिच्या आणि आयईएलटीएसच्या गुणांची बरोबरी बदललीय, तेव्हा व्हॉट्सॲपवर फिरणारी जुनी कोष्टकं खरी धरू नका. आणि अर्ध्या बँडसाठी सगळी परीक्षाच बदलून पुन्हा पहिल्यापासून नवे प्रकार शिकायचे, हे मला पटत नाही. आयईएलटीएसमध्ये एकाच विभागाची फेरपरीक्षा मूळ परीक्षेपासून ६० दिवसांत देता येते. त्याच्या व्हिसाला ती धरतात का, ते ऑस्ट्रेलियाच्या गृहखात्याच्या संकेतस्थळावर आधी वाचा आणि मगच पैसे भरा. कन्सल्टंटनं चारही विभागांत ८ चा आग्रह धरलाय, त्याचं कारण व्हिसाच्या गुणांत ८ ला २० गुण आहेत. मिळाले तर उत्तम. आधी ७ तर येऊ द्या.

स्पॉन्सरशिप: ४९१ नावाच्या प्रादेशिक व्हिसात नातेवाइकानं स्पॉन्सर करायची सोय आहे, भाऊही त्यात बसतो, पण स्पॉन्सर करणाऱ्यानं 'प्रादेशिक' ठरवलेल्या भागात राहायला हवं. मेलबर्न त्यात नाही, जिलाँग आहे. भावाच्या गुणांसाठी घर हलवायचं का, ते तुम्ही आणि तुमचे यजमान बघा.

भाऊ निघाल्यावर आईचं काय, हा प्रश्न तुम्ही ताज्या कलमात लिहिलात. तो शेवटच्या ओळीत मावणारा नाही, आणि परीक्षेच्या आधी भावाच्या डोक्यावर तर अजिबात ठेवू नका. तुम्ही दोघं बहीण-भाऊ बोला, पैशांसकट आणि 'मेडिकल' हॉस्पिटलला कोण नेणार याच्यासकट, मग मला वेगळं लिहा.

एक राहिलं. एवढ्या लांब पत्रात भावजयीचं नाव एकदाच आलंय, तेही 'ती मुलाकडे बघते' म्हणून. तिनं चारही विभागांत ६ मिळवले तर भावाच्या खात्यात व्हिसाचे ५ गुण वाढतात. स्कोअर ऑस्ट्रेलियाच्या कुशल व्हिसाला तीन वर्षं धरतात, त्यामुळे तिनं आत्ता दिली तरी वाया जाणार नाही. रविवारी भाऊ लिहायला बसला की मुलाकडे त्याच्या आजीला बघू दे, आणि हिलाही एक विषय द्या. तिची परीक्षेची तारीख घेतलीत की कळवा.